बुलेट ६५० येतेय, डिझाइन कसं वाटलं? (आणि घरातली जुनी ठेवू का काढू)

रामबागी

नमस्कार मंडळी,

२०२५ च्या नोव्हेंबरात मिलानच्या मोटरसायकल शोमध्ये बुलेट ६५० दाखवली तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाहीये. फोटो इतके मोठे करकरून पाहिले की बायको म्हणते बघायला आला होतास तेव्हा माझ्याकडे इतकं निरखून नव्हतं बघितलंस. बाकी माहिती सगळ्यांनी वाचलीच असेल, ६४८ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, वजन २४३ किलो. इंजिन तेच जे याच कंपनीच्या इंटरसेप्टरमध्ये २०१८ पासून येतंय आणि २०२५ च्या मार्चमध्ये क्लासिक ६५० मध्ये आलं. त्यामुळे इंजिनावर भांडायचं नाहीये. मला बोलायचंय ते दिसण्यावर आणि रोज हाताला लागणाऱ्या गोष्टींवर.

आवडलं ते आधी. हेडलाइटचं केसिंग तसंच, त्याच्या दोन्ही बाजूंचे बारके दिवे (बाबा त्यांना भुवया म्हणतात) तसेच, १९५४ पासूनचे आहेत ते. टाकीवर सोनेरी रेघ, हाताने मारलेली. सीट एकच लांबलचक, शाळेच्या बाकासारखी. काळ्या रंगात तर लांबून बघितली की वाटतं घरचीच उभी आहे.

आता जे खटकलं ते. आमच्याकडे बाबांची ८७ सालची कास्ट आयर्न (जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट) आहे. ती चालू करायची म्हणजे एक विधी असतो. आधी पेट्रोलचा कॉक, मग चावी, मग किक हळूहळू दाबत जायची आणि नजर केसिंगवरच्या ॲमीटरवर, म्हणजे करंट दाखवणाऱ्या काट्यावर. काटा मायनसकडे झुकतो, परत मधे येतो, किक जड लागली की डावीकडचा डिकंप (सिलिंडरमधला दाब सोडायचा लिव्हर) दाबून थोडीशी पुढे न्यायची, काटा मधे स्थिर झाला की सोडायचं, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच, पूर्ण, खालपर्यंत. मी आठवीत होतो तेव्हा बाबांनी हे शिकवलं आणि म्हटलं काटा बघ, पाय आपोआप कळेल. पहिल्या महिन्यात दोनदा किकने उलटा लाथाडलाय मला, पोटरीवर खूण आहे अजून. आता नव्यात काय, बटण दाबा. किक तर ३५० मधूनही २०२३ ला गेलीच. ॲमीटर नाही, त्याजागी बारकीशी खिडकी आहे त्यात पेट्रोल दिसतं आणि गिअर कितवा ते आकड्यात दिसतं. म्हणजे बघणाऱ्याला बुलेट दिसावी याची सगळी काळजी घेतलीये, चालवणाऱ्याला काय हवं होतं ते विचारायचं राहूनच गेलं असं मला तरी वाटून राहिलंय. चूक असेन तर सांगा.

प्रश्न असा की आमच्या बोळात दोन बुलेट मावत नाहीत. एकच राहणार. बाबा ७४ वर्षांचे आहेत, काही बोलत नाहीत, रविवारी फडकं घेऊन पुसत बसतात तेवढंच. काय करू?

पोहे_जलेबी

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. भिया, हा धागा दोन दिवसांत शंभरी मारणार, इंदुरात बुलेट आणि पोहे या दोन विषयांवर गप्प बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

माझं मत विचाराल तर दिसायला एक नंबर. बाकी वजनाचं म्हणाल तर २४३ किलो म्हणजे आमच्या घरातले तीन मेंबर आणि एक आत्या.

डावा_ब्रेक

रामबागी, तुझं लिखाण वाचून पोटरी दुखायला लागली माझी पण. आयडी बघून कळलं असेलच, मी उजव्या गिअरवाल्या पिढीतला. आमच्या गाडीला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, आणि पॅटर्न पण उलटा, एक वर आणि तीन खाली. आणि तो न्यूट्रल फाइंडर! सिग्नलला तिसऱ्यात थांबलात तरी टाचेने एक दाबला की गाडी न्यूट्रल. असली सोय मी नंतर कुठल्याच गाडीत पाहिली नाही. सगळे म्हणतात जुनी गाडी म्हणजे कटकट, पण हे जे होतं ते कटकट होतं का, सांगा.

पुतण्याची नवी क्लासिक घेऊन एकदा भंवरकुआंला गेलो. पुढे रिक्षा थांबली, मी सवयीने डावा पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी गिअर पडला, गचका बसून रिक्षाच्या मागच्या बंपरला जाऊन टेकलो. रिक्षावाला उतरला, गाडीकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि म्हटलं, अंकल, नई है क्या. मी काय सांगणार त्याला की बाबा मी नवा आहे, गाडी नाही.

तर डिझाइन बदललं म्हणून रडणारे आम्ही पहिले नाही. उजव्याचा गिअर डावीकडे गेला तेव्हा पण लोक म्हणत होते आता ही बुलेट राहिली नाही. २०१० च्या आसपास कास्ट आयर्न बंद झालं तेव्हा परत तेच. तू जिच्यासाठी रडतोयस ती किकसुद्धा नव्या इंजिनाला होतीच की २०२३ पर्यंत. दर पिढीला तिची पहिली बुलेट हीच खरी बुलेट वाटते.

साठचा_ॲव्हरेज

कोणी पैशाचं बोलणार आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ चा १८ झाला आणि त्याच्या वरच्यांवर ४० झाला, आधी सेस धरून ३१ पडत होता. म्हणजे ३५० स्वस्त झाली आणि ६५० महाग, एकाच दिवशी. क्लासिक ६५० मार्चमध्ये आली तेव्हाच ३ लाख ३७ हजारांपासून सुरू होती, एक्स शोरूम, तीही जुन्या टॅक्समध्ये. मग ही कितीला येईल ते तुम्हीच बघा. भुवया आणि सोनेरी रेघेसाठी एवढे पैसे? माझी १२५ साठ देते, राजवाड्याच्या पार्किंगमध्ये एका हाताने फिरवतो आणि पेट्रोल पंपावर ताठ मानेने जातो.

पोहे_जलेबी

पेट्रोल पंपावर हेल्मेट घालून जाता ना काका? ऑगस्टमध्ये कलेक्टरची ऑर्डर लागू झाली होती तेव्हा विदाउट हेल्मेट पेट्रोल बंद होतं. माझा एक मित्र शेजाऱ्याचं हेल्मेट उधार मागत पंपावर उभा होता.

जाम_गेट_जाणारी

बुलेटवाली बाई म्हणून लिहितेय कारण इथे सगळे बाप्ये ॲमीटरवर उसासे टाकून राहिलेत.

माझ्याकडे नवी बुलेट ३५० आहे, २०२३ ची. माझी उंची पाच फूट तीन. किक नाही हे बघूनच घेतली! बाबांच्या जुन्या गाडीवर मी कॉलेजात असताना किक मारायचा प्रयत्न केला होता, सगळी गल्ली बघायला जमली, त्यात दोन जण 'बेटा हम मार दें' म्हणायला पुढे आले. त्या दिवशी ठरवलं की जी गाडी मला कोणाच्या मदतीशिवाय चालू करता येईल तीच माझी. तुम्हाला जो विधी वाटतो ना रामबागी, तो आमच्यासाठी दाराला कुलूप होतं. बटण आलं आणि कुलूप निघालं. तेव्हा 'चालवणाऱ्याला विचारलं नाही' हे जरा जपून.

६५० बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. सीटची उंची ८०० मिमी म्हणजे माझ्या गाडीपेक्षा ५ मिमी कमीच, पाय टेकतील. पण माझी १९५ किलोची आहे आणि ही २४३, हा जो ४८ किलोचा फरक आहे तो पळताना कळत नाही, तो कळतो गाडी मागे घेताना. चढावर तोंड करून लावलेली गाडी, मागे उतार, पायाखाली वाळू. तिथे इंजिन किती ताकदीचं आहे याचा काडीचा उपयोग नाही. घ्यायची त्यांनी शोरूममध्ये टेस्ट राइड तर घ्याच पण गाडी उतरून, हँडल धरून, पार्किंगमधून मागे ओढून बघा. मी तशीच बघितली होती, सेल्समन हसत होता, हसू दे.

लष्करकर

ग्वाल्हेरहून हजेरी. इथे किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या चढावर एकदा न्यूट्रलमध्ये गाडी सरकली होती माझी, ताईंचा मुद्दा हाडात शिरला.

वकील आहे त्यामुळे सवय जात नाही, एक मुद्दा कोणी काढला नाही तो काढतो. मागच्या चाकाचा गार्ड. साडी गार्ड म्हणतो आपण. फोटोत परदेशी शोची गाडी दिसते तिच्यावर तो नसतो आणि सगळे म्हणतात वा काय स्वच्छ लाइन आहे. इथे आली की तो लागणारच. केंद्रीय मोटर वाहन नियम १२३, मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची सोय, पाय ठेवायची सोय आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं काहीतरी, कपडे अडकू नयेत म्हणून. आपल्याच मध्य प्रदेश हायकोर्टाने २००८ मध्ये याच्या अंमलबजावणीबद्दल आदेश दिला होता. तरी लोक शोरूमबाहेर पडले की पहिलं काम काय करतात, गार्ड काढून टाकतात. दिसायला चांगली दिसते.

माझी आई १९९० च्या आसपास मागे बसून पदर सावरत दौलतगंजातून जायची ते मला आठवतं. गार्डच्या जाळीवर तिने पाय ठेवून ठेवून एका जागचं क्रोम उडालं होतं. ते डिझाइन होतं. मिलानच्या फोटोत ते दिसणार नाही.

(अवांतर: आमच्याकडे मुरैना रोडला दूधवाले डिझेलची बुलेट चालवायचे, टॉरस, ३२५ सीसी. चार कॅन लटकवून. तिला सुंदर म्हणणारा माणूस भेटला नाही आणि तिला सोडणारा दूधवालाही भेटला नाही.)

टॅपेट

आलो. गॅरेजवाल्याच्या घरात वाढलोय त्यामुळे किकवर थोडं तांत्रिक.

लोकांना वाटतं किक असती तर बॅटरी उतरली तरी गाडी चालू झाली असती. कार्बोरेटरच्या गाडीत हे बऱ्याच अंशी खरं होतं. आता फ्युएल इंजेक्शन आहे. टाकीतला पंप करंटवर चालतो, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) करंटवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली असेल तर किक मारून पाय मोडाल पण पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचणारच नाही. किकचा फायदा फक्त मधल्या अवस्थेत, म्हणजे बॅटरीत पंपापुरता जीव आहे पण स्टार्टर फिरवण्यापुरता नाही तेव्हा. ती अवस्था येते, नाही असं नाही. माझ्याकडूनच झालंय, पुण्याला लग्नाला गेलो तीन आठवडे, जाताना चावी पार्किंगच्या खुणेवर राहिली. आलो तर गाडी फोटोसारखी शांत. चूक माझी, पण किक असती तरी काही झालं नसतं, बॅटरी पार झोपली होती.

दुसरं, आवाज. हा मुद्दा कोणी लिहिलाच नाही याचं आश्चर्य वाटतं. बुलेटचा डग-डग हा एका मोठ्या पिस्टनचा आवाज आहे, इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक ठोका, मधे रिकामी जागा. ती रिकामी जागाच आपल्याला आवडते. ६५० ला दोन पिस्टन, आणि क्रँक २७० अंशांचा, म्हणजे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत, एक लवकर एक उशिरा. व्ही-ट्विनसारखा घरघरीत आवाज येतो. चांगला आहे, मला खूप आवडतो. पण डोळे मिटून कोणी म्हणणार नाही की बुलेट आली. आणि ३५० मध्ये पण नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट घातलाय त्यामुळे आरसे आता थरथरत नाहीत, मागे कोण आहे ते दिसतं. आधी आरशात मागची सगळी माणसं जुळी दिसायची.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तारांची चाकं, म्हणजे आत ट्यूब. दिसायला सुंदरच, बुलेटला अलॉय शोभत नाही हे मान्य. पण भेरूघाटात पंक्चर झालं की सुंदर दिसणं काय करायचं? ट्यूबलेस असेल तर खिळा तसाच ठेवून हवा भरत भरत सिमरोलपर्यंत येता येतं. ट्यूब गेली की तिथल्या तिथे बसली. २४३ किलो, मागचं चाक काढायचं, खंडवा रोडवर तसंही बोगद्यांचं काम चालू, ट्रक अंगावरून जाऊन राहिलेत. विचार करा.

डावा_ब्रेक

टॅपेट, आरशातली जुळी माणसं! हसून हसून मेलो. आमच्या हिला आरशात बघून कुंकू लावायची सवय होती गाडीवरून उतरल्यावर, ती म्हणायची आधी गाडी बंद करा, मग कपाळ सापडेल.

पिथमपूर_शिफ्ट

नाइट शिफ्ट संपवून वाचतोय, उशीर झाला.

मी एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे (बुलेटचा नाही). आपल्या शेजारी पिथमपूरला ज्या आयशरचे ट्रक बनतात त्याच घराकडे १९९४ पासून एन्फिल्ड, म्हणजे बुलेटची कंपनी आहे, हे इंदूरच्या अर्ध्या लोकांना माहीत नसतं. ट्रक इथे आणि बुलेट तिकडे मद्रासला.

मला एवढंच सांगायचंय की ज्याला आपण डिझाइन बदललं म्हणतो त्यातलं निम्मं डिझायनरच्या हातात नसतं. हेडलाइट दिवसा बंद करता येत नाही म्हणून लोक कंपनीला शिव्या देतात, तो एप्रिल २०१७ चा नियम आहे, सगळ्याच दुचाकींना. एबीएसच्या (ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) चकतीसाठी जागा करावी लागली, एप्रिल २०१९ पासून १२५ च्या वर एबीएस सक्तीचं. २०२० ला बीएस सिक्स, म्हणजे धुराचा कडक नियम आला, त्यात ५०० सीसीची बुलेट गेलीच. सायलेन्सरच्या आत आता कॅटलिटिक कन्व्हर्टर असतो, म्हणून तो असा फुगतो, आणि तुम्ही लोक तो कापून दुसरा लावता मग पोलीस ते सगळे गोळा करून वर रोलर फिरवतात. तेव्हा चालवणाऱ्याला विचारलं नाही हे खरं असेल, पण विचारून पण काय केलं असतं?

रामबागी, तू जो ॲमीटर म्हणतोस तो डोळ्याला शोभेसाठी नव्हता, पॉइंटचं (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) इग्निशन होतं म्हणून किक दाबताना तो काटा हलायचा. पॉइंट गेले, काट्याचं काम संपलं. काम नसलेला काटा लावून ठेवला असता तर तूच म्हटला असतास की दिखाऊपणा केलाय.

रामबागी

पिथमपूर, हे मात्र मला लागलं. बरोबर आहे. पण मग तुझ्याच न्यायाने त्या भुवयांचं काय काम राहिलंय? पूर्वी ते मंद दिवे होते, अंधारात गाडी उभी केली की लावून ठेवायचे, बॅटरी वाचायची. आता हेडलाइट कायमच चालू, भुवयांना काम काय? तरी ठेवल्याच ना. कारण त्या फोटोत दिसतात. म्हणजे काम संपलेल्या दोन गोष्टींपैकी एक ठेवली आणि एक काढली, आणि ठेवली ती जी रस्त्यावरच्याला दिसते. माझा मुद्दा मी सोडत नाही.

ताई, तुमचं मात्र पूर्ण मान्य. कुलूपवालं वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली बरं झालं कोणीतरी लिहिलं, आणि आत निघून गेली, त्यामुळे आता घरात मला नवा विषय मिळालाय.

जाम_गेट_जाणारी

वहिनींना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं रविवारी सकाळी सहाला तेजाजी नगरला या, बाकी मी बघते.

भुवयांवरून आठवलं, एलइडीबद्दल कोणी बोललं नाही. पावसाळ्यात जाम गेटच्या घाटात ढग खाली येतात तेव्हा दहा फुटांवरचं दिसत नाही. पांढरा एलइडी त्यात मारला की सगळी भिंत पांढरी होते, प्रकाश परत आपल्याच डोळ्यांत. जुना पिवळा बल्ब कमी उजेडाचा होता पण धुक्यात डोळ्याला त्रास नव्हता, असं मला तरी वाटतं. कोरड्या रात्री मात्र एलइडीच पाहिजे, म्हशी काळ्या असतात.

साठचा_ॲव्हरेज

म्हशी काळ्या असतात. धाग्यातलं एकमेव वादातीत वाक्य.

सुदामानगरवाला

इतका वेळ वाचत होतो, सोनेरी रेघेवर लिहायला आलो.

माझ्या यूसीई (कास्ट आयर्ननंतरच्या इंजिनाच्या) बुलेटची टाकी दोन वर्षांपूर्वी चरा पडून दबली, दगड उडाला होता. डेंट काढला, रंग मारला, पण रेघ कोण मारणार? स्टिकर मिळतो बाजारात, लावून बघितला, उन्हाने कडा उचलल्या आणि खाली धूळ बसून काळी बॉर्डर तयार झाली. शेवटी कोणीतरी मल्हारगंजातल्या एका पेंटरचा पत्ता दिला. दुकानांच्या पाट्या लिहायचे आधी, फ्लेक्स आल्यापासून काम नाही. त्यांनी टाकी मांडीवर घेतली, मांजराला घेतात तशी. ब्रश खारीच्या केसांचा, केस दोन इंच लांब. रंग बोटावर चोळून बघितला, दोन थेंब तेल टाकलं, परत चोळला. मग करंगळी टाकीच्या कडेला टेकवली, ती सरकत राहिली आणि ब्रश तिच्या मागून. श्वास धरला होता त्यांनी, मी पण धरला. एका दमात वळणापर्यंत. मग श्वास सोडला, टाकी फिरवली, परत. एका ठिकाणी रेघ केसभर जाड झालीये, फक्त मला माहितीये कुठे. पैसे विचारले तर म्हणाले तीनशे, मी पाचशे दिले तर दोनशे परत केले.

कंपनीत पण हातानेच मारतात म्हणे त्यामुळे नव्या गाडीवर ती रेघ दिसली की मी ती जाड जागा शोधतो. ती सापडली नाही तर मला गाडी आवडत नाही. एवढंच माझं डिझाइनबद्दल मत.

लष्करकर

सुदामानगरवाला, दंडवत घ्या. त्या पेंटरकाकांचा पत्ता व्यनित (व्यक्तिगत निरोपात) द्या, माझी टाकी घेऊन ग्वाल्हेरहून येतो.

पोहे_जलेबी

गंमत बाजूला. मी काल क्लासिक ६५० बघून आलो, वजन उंची जवळपास तीच म्हणून. बसलो, मजा आली, सीट मऊ, क्लच हलका. मग ताईंचं ऐकून उतरलो आणि म्हटलं मागे घेऊन बघतो. शोरूमची फरशी गुळगुळीत असते तिथे सोपं जातं हो, बाहेर काढून फुटपाथच्या उतारावर करायला मागा. मी मागितलं. अर्ध्यावर गेलो आणि दोघे जण धावत आले. इज्जत गेली. परत येताना दोन प्लेट पोहे खाल्ले, म्हटलं वजन वाढवायला लागेल.

टॅपेट

वजन वाढवून होणार नाही भिया. सीटवर बसूनच मागे घ्यायची, उतरून नाही, आणि हँडल थोडं डावीकडे वळवून. उतरून घ्यायचीच तर कंबर सीटला टेकवायची, म्हणजे गाडी कलली तरी अंगावर येते, रस्त्यावर जात नाही. हे मला बाबांनी शिकवलं, ते पाच फूट चार.

साठचा_ॲव्हरेज

६५० चा ॲव्हरेज कोणी सांगेल का?

पिथमपूर_शिफ्ट

माझ्या सुपरवायझरकडे इंटरसेप्टर आहे. शहरात बावीस, हायवेवर हळू गेलात तर पंचवीस-सव्वीस.

साठचा_ॲव्हरेज

माझा प्रश्न मिटला. झोपतो.

रामबागी

अपडेट देतो. बाबांना काल रात्री जेवणानंतर फोटो दाखवले. चष्मा लावून बघितले, दोन बोटांनी मोठे केले (हे त्यांना येतं मला माहीत नव्हतं). सीट बघून म्हणाले छान आहे, आई नीट बसली असती. भुवया बघून काही बोलले नाहीत. मग वजन विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, आपल्या बोळातून गाडी मागेच काढावी लागते, वळायला जागा नाही, दारात चार बोटांचा उंबरा आहे. २४३ ला दोन माणसं लागतील. घरात तू आणि मी. मला धरू नकोस.

आणि दिवा मालवून झोपायला गेले.

तर शनिवारी टेप घेऊन शोरूमला जाणार आहे, हँडलची रुंदी मोजायची आहे, आमच्या बोळाचं दार ३४ इंच आहे. उंबऱ्याला सिमेंटचा उतार करून घेता येईल का ते मिस्त्रीला विचारलंय. जुनीचं काय ते अजून ठरलं नाही. सकाळी तिला काढायला गेलो तर ॲमीटरचा काटा अडकलेला, मायनसकडे. काचेवर टिचकी मारली, हलला नाही. सियागंजात दोन दुकानं फिरलो, एकाने डुप्लिकेट दाखवला, त्याचा काटा नुसता लोंबकळतो. कोणाकडे जुना ओरिजिनल पडून असेल तर सांगा. काच फुटकी असली तरी चालेल, माझी चांगली आहे.

डावा_ब्रेक

काटा उघडून साफ केलास का आधी? आत गंज येतो. नाही झालं तर माझ्याकडे एक आहे, ८४ च्या गाडीचा, काच नाही पण काटा खणखणीत. व्यनि बघ. पैसे नकोत, उरलेला डिकंपचा लिव्हर तुझ्याकडे जास्तीचा असेल तर आण.